फायब्रॉइडची रसद तोडताना

फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठीच्या, शस्त्रक्रियेत रक्त फार जाऊ नये म्हणून पॅरिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ जाक राविना काही रुग्णांच्या गर्भाशयाच्या धमन्या बारीक कण सोडून आधीच बंद करून घेत. त्यानंतर त्यातल्या काहींचं अंगावरून जाणं इतकं कमी झालं की ऑपरेशनची गरजच उरली नाही. १९९५मध्ये त्यांच्या गटाने हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पूर्वतयारीचा उपाय असा स्वतंत्र उपचार झाला.

धमनी बंद केल्यावर गाठ मरते, मग गर्भाशय का नाही? फायब्रॉइडभोवती रुंद रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथला प्रवाह जोरदार, त्यामुळे सोडलेले कण आधी तिकडेच ओढले जातात. गर्भाशयाच्या निरोगी स्नायूला बीजाशय आणि योनीकडच्या धमन्यांतूनही रक्त मिळतं. गाठीला सहसा तशी दुसरी वाट नसते.

जांघेत किंवा मनगटाशी बधिर करून साधारण दीड मिलिमीटर जाडीची नळी, म्हणजे कॅथेटर, धमनीत घालतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेतात. नळीचं टोक गर्भाशयमुखाकडे जाणाऱ्या फांद्यांच्या पुढे न्यावं लागतं, नाहीतर नको तिथे कण जातात. कण बहुधा ५०० ते ९०० मायक्रॉनचे, म्हणजे अर्धा ते जवळपास एक मिलिमीटरचे, असतात. फार बारीक घेतले तर ते बीजाशयाकडे निसटू शकतात. दोन्ही बाजू बंद करणं गरजेचं, कारण एकच बंद केली तर दुसरी गाठीला पोसत राहते. धमनी ठासून भरायची नसते. डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडल्यावर तो हृदयाचे सुमारे पाच ठोके तिथेच रेंगाळला, की थांबायचं.

इथेच फसगत होते. नळी लागून धमनी आकसली तरी डाय असाच रेंगाळतो. डॉक्टरांना वाटतं काम झालं. काही वेळाने धमनी सैल होते आणि रक्त पुन्हा सुरू. अर्धी जगलेली गाठ पुढे परत वाढते. म्हणून आतून आणखी बारीक मायक्रोकॅथेटर नेतात आणि आकस दिसला तर घाई करत नाहीत. बीजाशयाची धमनीच गाठीला रक्त पुरवत असेल, तर सगळं नीट करूनही अपयश येऊ शकतं.

टाके नाहीत म्हणजे दुखत नाही, ही समजूत मात्र चुकीची. रक्त तुटलेल्या गाठीमुळे पहिले १२ ते २४ तास जोरदार कळा येतात. वेदनाशामकांची सोय आधीच हवी. सौम्य ताप, मळमळ, थकवा आठवडाभर राहू शकतो. पण काही आठवड्यांनी ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा मांसाचा तुकडा पडणं दिसलं तर थांबू नये. आतल्या अस्तराकडची मेलेली गाठ सुटून बाहेर येत असते किंवा जंतुसंसर्ग झालेला असतो.

आकाराबद्दलही अपेक्षा नीट ठेवावी. सहा महिन्यांत गाठीचं घनफळ साधारण निम्मं होतं, पण घनफळ निम्मं म्हणजे व्यास जेमतेम पाचवा हिस्सा कमी: ८ सेंटिमीटरची गाठ ६.३ दिसते. सोनोग्राफीचा कागद पाहून हिरमुसण्यापेक्षा पाळीत किती जातं आणि हिमोग्लोबिन किती वाढलं, ते पाहावं.

गर्भारपण, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची शंका असताना हा उपचार करत नाहीत. गाठ बाहेर निघत नसल्याने तपासणीला तुकडा मिळत नाही. म्हणून अनियमित रक्तस्राव असेल तर अस्तराची बायोप्सी आधी करावी. मूल हवं असेल तर सहसा गाठ काढण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. ब्रिटनमधल्या २०२०च्या ‘फेम’ चाचणीत दोन वर्षांनंतरच्या जीवनमानातही तीच सरस ठरली. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांमध्ये पाळी कायमची थांबण्याची शक्यता जास्त. ज्यांना पिशवी काढायचाच सल्ला मिळाला होता, अशा बायकांवरच्या नेदरलँड्समधल्या ‘एमी’ चाचणीत मात्र धमन्या बंद केलेल्या सुमारे दोन तृतीयांश जणींची पिशवी दहा वर्षांनंतरही शाबूत होती.

तीन ते सहा महिन्यांनी डाय देऊन एमआरआय करतात. मेलेली गाठ काळी दिसते. एखादा भाग उजळला तर तिथे रक्त अजून पोहोचतंय, आणि त्रास परतला असेल तर ती वाट शोधून पुन्हा बंद करता येते.