उपचार थांबवायचे, पण सही कुणाची?

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे नातेवाईक ‘आता घरी नेतो’ म्हणतात, फाइलवर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ असा शेरा पडतो, खाली मुलाची सही होते. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलीत ‘डामा’ म्हणतात. उपचार थांबवण्याचा कायदा आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून उपचार असेच थांबत आले आहेत. पैसे संपले म्हणून, आशा संपली म्हणून, बऱ्याचदा दोन्ही. जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर नाही.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बराच काळ दुसऱ्याच वाटेने गेली. सावरकरांचे 1966 मधले अन्नत्याग करून केलेले आत्मार्पण आणि नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न-औषध नाकारून विनोबांनी ठेवलेला देह, ही उदाहरणे आपल्याला तोंडपाठ. शुद्धीवर असलेल्या, ठाम निश्चयाच्या माणसांची. नळ्यांनी वेढलेल्या बेशुद्ध माणसाचे काय, हे त्यातून कळत नाही. माजी खासदार मिनू मसानींनी 1981 मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. 1985 मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत खासगी विधेयक आणले. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचे संरक्षण द्यावे, अशी त्यांची मागणी होती. नेमका प्रश्न तोच होता, पण विधेयक पुढे गेले नाही.

न्यायालयातही वाद आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम 309 भोवतीच फिरला. मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये एका पोलीस शिपायाच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये तसेच म्हटले आणि 1996 मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते उलटवले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असा तो निकाल. मात्र नैसर्गिकरीत्या मरू घातलेल्या माणसाच्या अखेरच्या टप्प्यातली प्रतिष्ठा त्याच निकालाने वेगळी काढून ठेवली. पुढचे सगळे त्या फटीतून आले.

अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. हल्लेखोराला जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली, लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. वॉर्ड क्रमांक 4 मधल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. अरुणांना अन्न भरवणे थांबवावे, या पत्रकार पिंकी विराणींच्या याचिकेवर 7 मार्च 2011 रोजी निकाल आला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या कर्मचाऱ्यांना अरुणांना जगवायचे होते. म्हणून याचिका फेटाळली. त्याच निकालात इतरांसाठी मात्र दार उघडले: उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन उपचार थांबवता येतील. आयसीयूत दिवस मोजणाऱ्या कुटुंबाने उच्च न्यायालयात जावे, ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या.

सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी ‘कॉमन कॉज’ संस्थेने केलेली याचिका 2005 पासूनची. तिच्यावर 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणे हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरला, ‘लिव्हिंग विल’ म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. पण कार्यपद्धती कशी? आधी रुग्णालयाचे मंडळ, त्यात 20 वर्षांच्या अनुभवाचे तज्ज्ञ. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले दुसरे मंडळ. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी स्वतः खाटेपाशी येणार. इच्छापत्रावरही त्यांचीच सही हवी. सही करणारे एवढे जमा झाले की डामाचा कागदच सोपा वाटावा!

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनीच हे अडथळे न्यायालयापुढे मांडले आणि 24 जानेवारी 2023 रोजी नियम सैल झाले. इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते. दोन्ही मंडळे राहिली, पण तज्ज्ञांना पाच वर्षांचा अनुभव पुरतो आणि शक्यतो 48 तासांत मत द्यायचे असते. दुसऱ्या मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर बसतो. दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे असते. गोव्यात 2024 मध्ये उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. महाराष्ट्रात मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा इच्छापत्रे सांभाळणारे अधिकारी महापालिका-नगरपालिकांत नेमले गेले.

यंत्र काढल्यावर रुग्णाला कसे सांभाळायचे, याचा इतिहास या निकालांना समांतर, आणि त्याहून दुर्लक्षित. देशातला पहिला हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा, ‘शांती आवेदना सदन’, 1986 मध्ये वांद्र्यात सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. त्याच्या धाकाने तीव्र वेदना शमवणारे मॉर्फिन ठेवणेच अनेक रुग्णालयांनी सोडले. कायदा बदलला तो 2014 मध्ये. मधली जवळजवळ तीस वर्षे कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांनी वेदनेत काढली आणि त्यासाठी कुठलेही घटनापीठ बसले नाही.