साबणात घातलेली माती नेमकं काय करते?

घरी साबण करणाऱ्यांच्या फडताळात तेलाच्या बाटल्यांशेजारी मातीच्या चार-पाच बरण्या हमखास सापडतात. पांढरी केओलिन, करडी बेंटोनाइट, मुलतानी माती, फ्रेंच हिरवी माती, मोरोक्कोची तपकिरी रासूल. रंग वेगळे, गुणधर्म वेगळे, पण बरणीवर कीर्ती मात्र सगळ्यांची एकच लिहिलेली असते: त्वचेतली विषद्रव्यं खेचून घेते. हीच ओळ मग साबणाच्या वेष्टनावरही छापली जाते. माती घातल्याने साबणाचा फायदा होतो, याबद्दल वाद नाही. पण तो ज्या कारणांनी होतो ती कारणं वेष्टनावर क्वचितच असतात, आणि जे कारण छापलेलं असतं ते वडीच्या आत टिकत नाही. का टिकत नाही, हे समजायला मातीच्या कणात डोकवावं लागतं.

चिकणमातीचे कण साधारण २ मायक्रोमीटरहून लहान असतात आणि त्यातली खनिजं एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पत्र्यांची बनलेली असतात. एक पत्रा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, दुसरा अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. केओलिनमध्ये हे दोन पत्रे एकास एक असे जोडलेले असतात. अशा एका जोडीची जाडी सुमारे ०.७ नॅनोमीटर भरते. लागोपाठच्या जोड्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की मध्ये पाणीही शिरत नाही. म्हणून केओलिन भिजली तरी फुगत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यात सौम्य समजली जाते.

बेंटोनाइटची गोष्ट निराळी. ही माती बहुतेक ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेली असते आणि तिच्यातलं मुख्य खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. इथे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दोन सिलिका पत्र्यांच्या मध्ये बसतो. त्यातल्या काही अ‍ॅल्युमिनियम अणूंच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसलेलं असतं. मॅग्नेशियमचा धनभार कमी, त्यामुळे सबंध थरावर थोडा ऋणभार उरतो. तो फेडायला थरांच्या मधल्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन, म्हणजे धनभारित अणू, येऊन राहतात. या आयनांमागोमाग पाणी आत घुसतं आणि माती फुगते. कॅल्शियमवाली थोडी फुगते. सोडियमवाली मात्र आपल्या कोरड्या आकारमानाच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. केओलिनच्या एका ग्रॅममध्ये १० ते २० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. माँटमोरिलोनाइटमध्ये आतल्या फटी धरल्या तर तोच आकडा ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत जातो. रासूलमधलं स्टीव्हनसाइट हे मॅग्नेशियमयुक्त खनिज याच कुळातलं.

‘ऋणभारित माती धनभारित विषं ओढते’ हे वाक्य याच रचनेवरून आलेलं आहे, आणि ते अर्धं खरं आहे. थरांवर ऋणभार असतो हे खरं, पण तो मोकळा नसतो. सोडियम-कॅल्शियमने तो आधीच फेडलेला असतो. नवा आयन आत यायचा तर जुन्याला बाहेर पडावं लागतं. ही देवाणघेवाण पाण्यात, एखाद्या गाळणीत उत्तम चालते. त्वचेच्या खोलात कुठेतरी साचलेलं ‘विष’ त्यातून बाहेर येत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि त्यांना चेहऱ्याच्या कातडीतून वाट काढायची नसते. लाकडी चमचाच वापरा, धातूचा लागला तर मातीची शक्ती जाते, हा सल्लाही याच अर्ध्या सत्याचं पिल्लू आहे. ज्या खाणीतून माती येते तिथे ती पोलादी यंत्रांनीच उकरलेली असते. स्टीलच्या चमच्याने तिचं काही बिघडत नाही.

आता साबणाकडे वळू. तेल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, यांच्या अभिक्रियेतून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. माती या मिश्रणात पडते तेव्हा तिच्याभोवती सोडियमच सोडियम असतं, वर पाणी आणि ग्लिसरीन. आणि ग्लिसरीन तर माँटमोरिलोनाइटच्या फटींमध्ये सहज शिरतं. इतकं सहज, की एखाद्या मातीत हे खनिज आहे का हे ओळखण्यासाठी भूवैज्ञानिक नमुन्यावर ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल घालतात आणि क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर वाढलं का ते पाहतात. थोडक्यात, वडी साच्यातून बाहेर पडते तेव्हा आतली माती जेवून तृप्त झालेली असते. चेहऱ्यावरचं तेल शोषण्याची तिची ताकद बरीचशी वडीतच खर्ची पडलेली असते.

त्यात आकड्यांचा हिशेब मांडला तर उरलीसुरली आशाही मावळते. १ किलो तेलाला २० ग्रॅम माती घातली, तर वाळलेल्या १०० ग्रॅमच्या वडीत साधारण दीड ग्रॅम माती येते. एका धुण्यात अर्धा ग्रॅम साबण झिजला असं धरा. म्हणजे त्वचेवर आली जेमतेम ७ मिलिग्रॅम माती, तीही काही सेकंदांपुरती आणि फेसात बुडालेली. चेहऱ्यावर लेप लावताना आपण ७-८ ग्रॅम सहज वापरतो आणि तो दहा मिनिटं ठेवतो. मातीतच हजारपट फरक पडला, वेळेचा आणखी वेगळा.

मग साबणात माती घालायचीच कशाला? माझ्या मते तीन गोष्टींसाठी, आणि त्या पुरेशा आहेत.

पहिली गोष्ट रंग. साबणाचं कच्चं मिश्रण इतकं अल्कधर्मी असतं की बहुतेक वनस्पतिजन्य रंग त्यात मरतात. बीटाचा लाल भडक रस तपकिरी होऊन बसतो. मातीचा रंग लोहाच्या खनिजांमुळे येतो, लाल-गुलाबी हेमाटाइटमुळे आणि पिवळा गोएथाइटमुळे. या ऑक्साइडांना कॉस्टिक सोड्याचं काही वाटत नाही. वर्षभर ठेवलेली गुलाबी मातीची वडी गुलाबीच राहते.

दुसरी गोष्ट सरकपणा. मातीचे चपटे कण ओल्या फेसात एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे दाढीच्या साबणात बेंटोनाइट किंवा केओलिन घालण्याला खरंच अर्थ आहे. तिसरी गोष्ट फेसाचा स्पर्श. तो थोडा दाट, मलईसारखा लागतो. पण हावरटपणा केला तर उलटं होतं. १ किलो तेलाला १० ते २० ग्रॅम माती बस होते. ३० ग्रॅमच्या पुढे फेस मंदावतो आणि वडी ठिसूळ व्हायला लागते.

करताना सगळ्यात जास्त फसगत होते ती पाण्यावरून. कोरडी माती थेट मिश्रणात टाकली की ती तिथलं पाणी पिऊन घेते, गुठळ्या होतात, मिश्रण अचानक घट्ट होतं आणि वाळताना वडीला तडे जातात. बेंटोनाइटमध्ये हे सगळ्यात जोरात होतं, केओलिनमध्ये सगळ्यात कमी. नवख्याने केओलिननेच सुरुवात करावी. माती आधी तिच्या तिप्पट पाण्यात कालवून सरबरीत करून घ्यायची आणि मिश्रण ट्रेसला आलं, म्हणजे चमच्यातून ओघळलेल्या धारेची खूण वर क्षणभर टिकायला लागली, की घालायची. हे पाणी पाककृतीतल्या एकूण पाण्यातून आधीच बाजूला काढलं तर हिशेब बिघडत नाही. फक्त कॉस्टिक सोडा विरघळवायला निदान त्याच्या वजनाइतकं पाणी राहिलंच पाहिजे. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात मोजे हवेत. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, कारण सोडा ते खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो.

मातीमुळे साबण ‘त्वचेच्या पीएचचा’ होतो, हेही कुठे कुठे वाचायला मिळतं. होत नाही. खरा साबण ९ ते १० पीएचच्या आसपासच असतो, त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या जवळपास. चमचाभर मातीने ही दरी बुजत नाही.

लेपाच्या बाबतीत मात्र मातीला थोडं श्रेय द्यायला हवं. कोरड्या पुडीत नुसतं पाणी घालून लावलेला लेप त्वचेवरचं तेल खरोखर टिपून घेतो आणि तेलकट चेहरा काही तास बरा वाटतो. लेप वाळताना आकसतो, कातडी ताणली जाते. त्यालाच लोक रंध्रं बंद झाली असं म्हणतात. रंध्रं दारासारखी उघडझाप करत नाहीत. लेप खडखडीत वाळू देण्यात फायदा नाही, उलट कोरड्या त्वचेला त्रासच. थोडा ओलसर असतानाच धुवावा. सोडियम बेंटोनाइटचा लेप स्वतःच बराच अल्कधर्मी असतो, म्हणून नाजूक त्वचेला केओलिन बरी.

गंमत म्हणजे, औषध म्हणून मान्यता मिळालेली एक बेंटोनाइट खेचून काढण्यासाठी नाही, तर अडवण्यासाठी वापरली गेली. पॉयझन आयव्ही या अमेरिकी वेलीच्या चिकट तेलाने अंगावर भयंकर पुरळ उठतं. रासायनिक बदल केलेल्या बेंटोनाइटचं ५ टक्के प्रमाण असलेलं, आधीच अंगाला लावून ठेवायचं लोशन अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं. ते तेलाला त्वचेपर्यंत पोचू देत नाही.

जंतुनाशक मातीचा दावाही असाच नीट तपासून घ्यावा लागतो. आयव्हरी कोस्टमध्ये लिन ब्रुने द कुर्सू यांनी बुरुली व्रण या जिवाणूजन्य त्वचारोगाच्या चिघळलेल्या जखमांवर फ्रेंच हिरवी माती वापरली आणि जखमा भरून आल्या. त्यावरून अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात लिंडा विल्यम्स आणि शेली हेडेल यांनी अशा दोन हिरव्या मातींची परीक्षा केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष फार बोलका आहे: एका मातीने जंतू मारले, दुसरीने त्यांची वाढ केली. खनिजरचना मात्र दोन्हींची जवळजवळ सारखी. नंतरच्या कामातून दिसलं की जंतुनाशक मातींमध्ये ऑक्सिजनशी अजून गाठ न पडलेलं लोह असतं, आणि ते पाण्यात विरघळून जंतूंवर हल्ला करतं. अमेरिकेच्या ओरेगनमधल्या निळ्या मातीत तर त्यासाठी चांगलं आम्लधर्मी पाणी तयार होतं. साबणात नेमकी उलटी परिस्थिती असते. शिवाय हे लोह आहे की नाही, हे रंग बघून कळत नाही.

माती नैसर्गिक आहे एवढ्याने ती निर्धोक ठरत नाही. खडकात जे होतं ते तिच्यातही येतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बेंटोनाइटच्या काही उत्पादनांमध्ये शिसं जास्त आढळल्याचा इशारा दिला होता. अखंड त्वचेतून शिसं फारसं आत जात नाही, पोटात गेलं तर जातं. म्हणून माती खाण्याचे सल्ले सोडून द्यावेत आणि लहान मुलांच्या हाताशी पूड ठेवू नये. सौंदर्यप्रसाधनांसाठी तपासलेली, शिसं आणि आर्सेनिकचं प्रमाण लिहून देणारी माती घ्यावी. पूड मोजताना नाकावर मुखपट्टी हवी, कारण बऱ्याच मातींमध्ये क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि ते फुप्फुसांना घातक आहेत.

लेप भिजवून डबीत भरून ठेवण्याचा मोहही टाळावा. मातीत जिवाणूंचे बीजाणू असतात, पाणी मिळालं की ते जागे होतात. त्यावर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालावं तर माती तेही स्वतःला चिकटवून घेते आणि निकामी करते. लागेल तेवढीच कालवायची. उरलेली सिंकमध्ये मात्र ओतू नये, कचऱ्यात टाकावी. सोडियम बेंटोनाइट तळ्यांच्या तळातली गळती बंद करायला वापरतात; ड्रेनेजचा पाइप तर तिच्यासाठी अगदीच सोपं काम आहे.