दम लागणे (पॅलिएटिव्ह केअरमधलं संशोधन)

दम लागणे म्हणजे श्वास पुरत नाहीये असं पेशंटला स्वतःला वाटणं. धाप लागते, छाती भरून येते, जीव घाबरा होतो, हवाच मिळत नाही, असं आपल्याकडे पेशंट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात आणि डॉक्टरी भाषेत या सगळ्याला डिस्प्निया म्हणतात. दमा आणि दम लागणं यात बऱ्याच जणांची गल्लत होते. दमा हा एक आजार आहे, दम लागणं हे लक्षण आहे आणि ते पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात त्या सीओपीडीत, फुप्फुसं कडक होत जातात त्या आयएलडीमध्ये, हार्ट फेल्युअरमध्ये, अशा कितीतरी आजारांत येतं. मूळ आजारावर जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं करून झालं तरी जो दम उरतो आणि माणसाला खाटेला खिळवतो, त्याला २०१७ पासून संशोधक क्रॉनिक ब्रेथलेसनेस सिंड्रोम असं वेगळं नाव वापरायला लागलेत. नाव वेगळं मिळालं हे चांगलं झालं, कारण नाहीतर "आजारच तसा आहे, दम लागणारच" इथेच विषय संपायचा.

ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं आणि तिथून आजची पॅलिएटिव्ह केअर उभी राहिली, म्हणजे आजार बरा होणार नसेल तरी पेशंटचा त्रास कमी करणं आणि घरच्यांना धरून राहणं. मराठीत उपशामक किंवा परिहारक उपचार लिहितात, पण वॉर्डात आणि घरात सगळे पॅलिएटिव्हच म्हणतात. सुरुवातीची बरीच वर्षं या शास्त्राचं सगळं लक्ष दुखण्यावर होतं, दमाकडे त्या मानाने उशिरा वळलं. दुखत असलेला माणूस निदान ओरडून सांगू तरी शकतो, दम लागलेल्याला दोन शब्द बोलायलाही श्वास पुरत नाही, तो नुसता खाटेच्या कडेला हात टेकून, खांदे वर ओढून, पुढे वाकून बसलेला असतो आणि रात्र संपायची वाट बघतो.

हे समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसायला पाहिजे. दम लागणं आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९६ आलं, आणि समोरचा माणूस म्हणतोय की गुदमरतोय, तर तो खोटं बोलत नाहीये. मेंदू जेवढा श्वास मागतोय तेवढा छातीचे स्नायू आणि फुप्फुसं देऊ शकत नाहीत, मागणी आणि पुरवठा यातली ही तफावत मेंदूला दम म्हणून जाणवते, त्यात भीती मिसळली की श्वास उथळ आणि भराभर होतो, सीओपीडीमध्ये तर आधीची हवा बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास सुरू होतो, हवा आत कोंडते, दम वाढतो, भीती अजून वाढते. शिवाय दम लागतो म्हणून माणूस हालचाल बंद करतो, मांड्यांचे स्नायू झिजतात आणि मग आठ पावलांवरच्या संडासापर्यंत जातानाही धाप लागते. केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स हॉस्पिटलमधल्या टीमने श्वास, विचार आणि हालचाल अशी ही तीन चक्रं मांडून दाखवली. त्यातलं कुठलंही एक तोडता आलं तरी उरलेली दोन ढिली पडतात.

ऑक्सिजनचंच आधी बघू, कारण घरात सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर आणायची धडपड सगळ्यात आधी होते. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटन मिळून २३९ पेशंट, सगळ्यांना आजार बरा होण्यापलीकडचा आणि दमही भरपूर, पण रक्तातला ऑक्सिजन फार खाली गेलेला नाही असे. अर्ध्यांच्या नळीतून ऑक्सिजन, अर्ध्यांच्या नळीतून आपली साधी हवा, मशीन दिसायला सारखंच आणि कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. सात दिवस, दिवसाला निदान १५ तास. दोन्हीकडच्यांना थोडं बरं वाटलं आणि सारखंच बरं वाटलं. म्हणजे ज्यांचा ऑक्सिजन मुळात ठीक आहे त्यांच्या दमाला ऑक्सिजनने साध्या हवेपेक्षा जास्त काही मिळालं नाही.

याचा अर्थ ऑक्सिजन बिनकामाचा असा कृपया कुणी काढू नका. सीओपीडीत ऑक्सिजन सतत खूप खाली असेल तर रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढतं हे १९८० च्या सुमाराच्या अभ्यासांपासून माहीत आहे आणि तिथे तो द्यायलाच पाहिजे. पण मग १५ तास की पूर्ण २४? स्वीडनमध्ये अशा २४१ पेशंटवर हेच तपासलं, निकाल २०२४ मध्ये आला, आणि वर्षभरात हॉस्पिटलात दाखल होणं किंवा मृत्यू यात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नाकातली नळी काढून आंघोळ करता येणं, ओट्यापाशी बसून मेथी निवडता येणं, लाइट गेली म्हणून घरात रडारड न होणं, या गोष्टी या आकड्यातून मिळतात. तास किती ठेवायचे हे अर्थात ज्याच्या त्याच्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं.

आता पंखा. साध्या हवेनेही बरं वाटतं याचं कारण बहुतेक चेहऱ्यात आहे. गाल, नाक, ओठ यांच्या त्वचेतून मेंदूकडे जाणारी ट्रायजेमिनल नावाची नस आहे, तिच्या भागावर गार झुळूक लागली की दमाची जाणीव कमी होते. ब्रिटनमध्ये ५० पेशंटवर याची चाचणी झाली, २०१० मध्ये छापून आली. हातात धरायचा छोटा पंखा, पाच मिनिटं चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुणाला आधी हा कुणाला आधी तो. पायावर धरल्यापेक्षा चेहऱ्यावर धरल्यावर दम जास्त कमी झाला. आपल्याकडे आजारी माणसापाशी बसून विंझण्याने नाहीतर घडी घातलेल्या पेपरने वारा घालायची पद्धत आहेच, सीलिंग फॅनच्या हवेपेक्षा त्याने बरं वाटतं असं पेशंट सांगतात, कारण ती हवा नेमकी तोंडावर येते. बॅटरीचा छोटा पंखा असेल तर तो तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या ओठावर वारा लागेल असा धरायचा, आणि शक्यतो पेशंटच्याच हातात द्यायचा. हा शेवटचा भाग सोडू नका. दम सुरू झाला की माझ्याजवळ काहीतरी आहे, कुणाला हाक मारत बसायला नको, या नुसत्या भरवशानेच भीतीचं चक्र ढिलं होतं. माझ्या मावशीच्या शेवटच्या दोन महिन्यांत तो पंखा उशीखाली असायचा आणि सेल संपत आले की ती औषधाच्याही आधी सेल मागायची.

मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामकाची, गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि इथेच संशोधन सगळ्यात जोरात चालू आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातून ४८ जणांवरची एक छोटी चाचणी आली, रोज २० मिलिग्रॅम, हळूहळू सुटणारी मॉर्फिनची गोळी, आणि दम कमी झाल्याचं दिसलं. त्यावर जगभर विश्वास बसला. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०२० मधल्या २८४ जणांच्या चाचणीत मॉर्फिन आणि प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी यात दमाच्या मोजमापात फरक आला नाही. २०२२ मध्ये सीओपीडीच्या १५६ पेशंटवर ८ किंवा १६ मिलिग्रॅम देऊन बघितलं, एका आठवड्यानंतर सर्वात वाईट दमात फरक नाही, दिवसभरात चाललेली पावलं वाढली नाहीत, दुष्परिणाम मात्र मॉर्फिनवाल्यांना जास्त. म्हणजे वर्षानुवर्षं जे औषध डोळे झाकून चांगलं मानलं तेच आता रोजच्या जुनाट दमासाठी सरसकट द्यावं का यावर तज्ज्ञांमध्ये खरोखरचे मतभेद आहेत. शेवटच्या दिवसांतला गुदमरवणारा दम ही वेगळी परिस्थिती आहे, तिथे मॉर्फिन अजून वापरलं जातं आणि पॅलिएटिव्हचे डॉक्टर ते सोडायला तयार नाहीत.

मॉर्फिन दिलं की श्वास थांबून माणूस जातो, ही आपल्या घराघरांतली भीती. यावर स्वीडनच्या घरी ऑक्सिजन घेणाऱ्या २२४९ सीओपीडी पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१४ ला छापून आल्या. दिवसाला ३० मिलिग्रॅम मॉर्फिनपर्यंतचे कमी डोस आणि मृत्यू वाढणं यांचा संबंध दिसला नाही, त्याहून जास्त डोस घेणाऱ्यांत मात्र दिसला. तेव्हा भीती अगदीच खोटी नाही, पण ती डोसची भीती हवी, नुसत्या नावाची नको. आणि दुखण्यासाठी मॉर्फिन हा वेगळा विषय, तिथे त्याचा उपयोग होतो याबद्दल वाद नाही.

आपल्याकडे तर प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, मॉर्फिन मिळतं का? अफू मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला सरकारी परवान्याने पिकते, महाराष्ट्राच्या उशाशी, तरी अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यामुळे हॉस्पिटलांना इतके परवाने लागायचे की बहुतेकांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते न हाताळताच तयार झाल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला, देशभर एकच पद्धत आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकच परवाना असं झालं, त्यामागे केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या पॅलियम इंडिया या संस्थेचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून चालू आहे आणि टाटा मेमोरियलमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

बाकीची औषधं भराभर सांगतो कारण निकाल बहुतेक सारखेच आहेत. कॅन्सरच्या दमासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सर्रास देतात, त्याची १२८ पेशंटवर चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल, प्लासिबोपेक्षा फायदा नाही आणि झोप उडणं, इन्फेक्शन असे त्रास वर. मिर्टाझापिन या डिप्रेशनच्या औषधावर बऱ्याच आशा होत्या, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २२५ पेशंटवर चाचणी होऊन २०२४ मध्ये त्याही मावळल्या. कुणी म्हणेल सगळं नापासच होतंय तर काय उपयोग. पण मरणाच्या दारातल्या माणसाला रोज एक गोळी कमी गिळायला लागणं हाही मोठाच फायदा आहे, आणि तो या नापास चाचण्यांमुळेच मिळतो.

पास काय झालं तर माणसं आणि वेळ. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १०५ पेशंटवर चाचणी झाली, २०१४ मध्ये आली. छातीचे डॉक्टर, पॅलिएटिव्हचे डॉक्टर, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकत्र बसून पेशंटला बघणार, मग घरी जाऊन खुर्ची कुठे ठेवायची, जिना कसा चढायचा, दम सुरू झाला तर कसं टेकून बसायचं हे दाखवणार. बरोबर एक पिशवी, तिच्यात माहितीपत्रकं, छोटा पंखा किंवा पाण्याचा फवारा, आणि दम लागल्यावर मनात म्हणायची एक छोटी कविता. खरोखरच कविता, मंत्रासारखी, श्वासाच्या लयीत म्हणायला. सहा आठवड्यांनी या पेशंटना आपल्या दमावर आपला ताबा आहे असं जास्त वाटत होतं, आणि कुणी अपेक्षाही केली नव्हती ते म्हणजे सहा महिन्यांनी या गटातले ९४ टक्के हयात होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटातले ७५ टक्के. हा फरक सीओपीडी आणि आयएलडीवाल्यांमध्ये होता, कॅन्सरमध्ये नाही.

महाराष्ट्राला यातलं सगळ्यात जवळचं काय असेल तर चूल. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये सहलेखकासोबत बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं होतं, लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे त्याचं एक मोठं कारण. म्हणजे आयुष्यभर भाकऱ्या थापलेली, विडीला कधी हात न लावलेली बाई साठीत दम लागून बसते. घरात तिला कुणी सीओपीडीची पेशंट समजतच नाही, "वय झालं" म्हणतात, आणि पॅलिएटिव्ह केअर तर कॅन्सरवाल्यांसाठी असते असंच सगळ्यांना वाटतं. युरोपातल्या त्या पिशवीतलं काय काय तिच्या एका खोलीच्या घरात चालेल, फिजिओ येणारच नसेल तर आशाताईंना यातलं किती शिकवता येईल, हे इथेच तपासायला हवंय.

शेवटच्या टप्प्यात आपण दोन शब्द वापरतो, ऊर्ध्व लागला आणि घरघर लागली. घरघर म्हणजे बेशुद्धीत गेलेल्या माणसाला घशातली लाळ गिळता किंवा खोकून काढता येत नाही, ती श्वासाबरोबर आत-बाहेर होते आणि आवाज येतो. पेशंटला त्याचा त्रास बहुतेक होत नसावा असं मानतात, पण उशाशी बसलेल्या लेकीला तो आवाज वर्षानुवर्षं ऐकू येत राहतो. कुशीवर वळवणं, डोकं थोडं वर घेणं याने कधी कधी आवाज कमी होतो, नळी घालून सारखं सक्शन करण्याने पेशंटला उलट टोचणीच लागते. औषध द्यायचं तर घरघर सुरू झाल्यावर द्यायची पद्धत होती आणि त्याचा खात्रीचा फायदा दिसत नव्हता, म्हणून नेदरलँड्सच्या सहा हॉस्पिसनी ते सुरू व्हायच्या आधीच देऊन बघितलं. औषध तेच, पोटात कळ आली की आपण घेतो ते बुस्कोपॅन, इथे कातडीखाली इंजेक्शनने. १५७ पेशंट, २०२१ चा निकाल. प्लासिबो गटात २७ टक्क्यांना घरघर लागली, औषध घेतलेल्यांत १३ टक्क्यांना. आणि बेशुद्धीतल्या माणसाची परवानगी कशी घेणार, तर हॉस्पिसमध्ये दाखल होताना, पूर्ण शुद्धीत असतानाच प्रत्येकाला विचारलं होतं, की तुमचे शेवटचे तास सुरू झाले की हे इंजेक्शन दिलं तर चालेल का, आणि त्यांनी हो म्हणून सही केली होती.