बोहारणीपासून ट्रिपल आर सेंटरपर्यंत : इंदूरच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ची पार्श्वभूमी

बाटलीचा दिवा, ट्रंकेची बैठक, पितळी घंगाळात मनीप्लँट, जुन्या महेश्वरीच्या काठांचं तोरण. इंदूरच्या मराठी घरांत हल्ली असं काही दिसलं की त्याचं श्रेय २०१७ पासूनच्या स्वच्छतेच्या लाटेला देऊन लोक मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. लाटेनं या कामाला प्रतिष्ठा दिली, प्रदर्शनं दिली, भिंतीवर रंगवलेली घोषवाक्यं दिली. पण या कामाला लागणारा माल घरात किती दिवस पडून राहणार आणि घरातून कुणाच्या हाती जाणार, हेही त्याच लाटेनं बदललं.

फार मागं जायची गरज नाही. होळकरांच्या काळातल्या घरांतही नऊवारी विरली की तिची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पोतेरं. तिथं सजावटीचा विचार नव्हता. कापड महाग होतं, एवढंच कारण. पुढं शहरात कापडगिरण्या आल्या, कटपीस आणि चिंध्या स्वस्त झाल्या, तशी ठिगळांत रंगसंगती शिरली. निळ्याशेजारी निळं नको, पिवळं हवं, असं म्हणणारी पहिली बाई कोण होती याची नोंद कुठं नाही.

१९३७ मध्ये डालडा बाजारात आलं, आणि पुढच्या काही दशकांत त्याचे पिवळे डबे घराघरात साठले. तूप संपल्यावर त्यात डाळी, मग खिळे-मोळे, शेवटी बुडाला भोकं पाडून तुळस किंवा कोरफड. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा कापून त्याचं झाकणाचं पिंप करून देणारे कारागीर बाजारात बसत. रॉकेलच्या डब्याला मधोमध लाकडी दांडी ठोकली की पाण्याची बादली तयार. ही सगळी साठवणीची सोय होती आणि ती समोर मांडायची नसे. पाहुणे आले की असले डबे पडद्याआड जात.

समोर मांडायचं ते रुखवतात. या विषयावर लिहिणारे रुखवत नेमकं विसरतात, याचं मला नवल वाटतं. काड्यापेट्यांतल्या काड्यांचं देऊळ, फुटक्या बांगड्यांचं झुंबर, अंड्याच्या टरफलांच्या बाहुल्या, आइसक्रीमच्या चमच्यांचा बंगला, पोस्टकार्डांची परडी, जुन्या साडीच्या काठांचं तोरण. लग्नाच्या मांडवात टेबलावर हे सगळं मांडून मुलगी किती ‘हाताची’ आहे ते दाखवायचं. मराठी घरातल्या टाकाऊ वस्तूला शोभेची वस्तू होण्याची पहिली जाहीर जागा तीच. लग्नानंतर हा ऐवज सासरच्या काचेच्या कपाटात जाई आणि वर्षानुवर्षं धूळ खाई. त्यात हौस होती, तितकीच परीक्षाही होती. रुखवताची आठवण काढून हळवं होणाऱ्यांनी ती परीक्षा कोण देत होतं हेही आठवावं.

शाळेनं नंतर हेच अभ्यासक्रमात आणलं. १९६६ च्या शिक्षण आयोगानं कार्यानुभव सुचवला, १९७७ च्या आढावा समितीनं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव पुढं केलं. प्रत्यक्षात मुलांनी आणलं ते शाईच्या बाटलीचं पेनस्टँड. बनवलं आईनं, गुण मिळाले मुलाला.

आता वस्तू घराबाहेर कशी जात असे ते. इंदुरात भंगाराला अटाला म्हणतात, मराठी घरांतही तोच शब्द रुळला. अटालेवाला कागद, लोखंड, रद्दी तोलून नेई आणि रोख देई. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं देई. तिच्याशी घासाघीस करण्यात दुपार जायची: तीन साड्या, एक पँट, वर आजोबांचा कोट, तेव्हा कुठं एक स्टीलचं पातेलं. खऱ्या जरीच्या साड्यांचा हिशेब निराळा असे. ती जरी जाळून आतली चांदी काढणारे व्यापारी होते, त्यामुळे विरलेल्या शालूलाही भाव येई. आज ज्या काठपदरांचे उशांचे अभ्रे आणि भिंतीवरच्या चौकटी होतात, तसे कितीतरी काठपदर त्या वेळी भट्टीत गेले.

भांड्यांचंही तेच. स्टेनलेस स्टील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं तशी तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. कल्हईचा त्रास नको, चिंचेनं घासणं नको. घंगाळ, बंब, कळश्या, कासंड्या तोलावर घातल्या आणि चकचकीत डब्यांचा संच घरी आला. त्या बायकांना नावं ठेवणं सोपं आहे. रोज घासायला बसणारं कुणी दुसरं नव्हतं. पण आता त्यांच्याच नाती तसलं घंगाळ विकत घेतात. आजीनं धातूच्या भावानं मोडीत घातलेलं भांडं नातीला ‘अँटिक’च्या भावानं परत मिळतं. दोन्ही वेळा नफा मधल्या माणसाचा.

लाकडाची कथा याहून मोठ्या आकाराची. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे वरचे मजले लाकडी होते आणि १९८४ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. खासगी वाड्यांना आग लागावी लागली नाही. भाऊ वेगळे झाले, रस्ते रुंद झाले, वाड्याच्या जागी चार मजली इमारत आली. सागवानी तुळया, कोरीव चौकटी, खुंट्या, फडताळांची दारं, झोपाळ्याच्या पितळी कड्या, सगळं पाडकाम घेणाऱ्याच्या वाट्याला गेलं. बऱ्याच घरांत त्याची वेगळी किंमत धरलीच नाही; पाडण्याच्या ठेक्यात ते धरलेलं असे. ज्यांनी एखादं दार ठेवून घेतलं त्यांच्याकडे आज त्याचं जेवणाचं टेबल आहे, वर काच टाकलेली. ‘अपसायकलिंग’ या शब्दाचा उगम ज्या मुलाखतीत सांगतात, ती १९९४ ची मुलाखतही पाडलेल्या इमारतींच्या विटा-लाकडाचा व्यवहार पाहणाऱ्या नियतकालिकातली होती. एका जर्मन अभियंत्याची तक्रार अशी, की पुनर्चक्रण म्हणतात त्यात विटा फोडून चुरा करतात. जुन्या वस्तूची किंमत वाढायला हवी, घटायला नको. इंदुरात नेमक्या त्याच वर्षांत चौकटी सरपणाच्या भावानं जात होत्या.

मग आला तो रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवण्याचा निर्णय, ज्यावर इथं अजून एकमत नाही.

८ एप्रिल २०१६ ला केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम जाहीर झाले. प्रत्येक घरानं ओला, सुका आणि घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा ठेवून अधिकृत कचरावेचकाकडे किंवा संकलकाकडे द्यावा, असं त्यात होतं. इंदूरनं त्याच सुमारास रस्त्यावरच्या कचराकुंड्या उचलायला घेतल्या आणि ८५ वॉर्डांत दारोदार गाडी सुरू केली. २०१६ च्या देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात २५ वा असलेला इंदूर २०१७ मध्ये पहिला आला आणि २०२३ पर्यंत तिथून हलला नाही. २०२३ मध्ये सुरतला सोबत घेऊन. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा, म्हणजे शहराचा कचरा टाकायच्या जागेवरचा, तेरा लाख टनांच्या घरातला जुना कचऱ्याचा डोंगर २०१८ अखेर हटला. तीनाचे पुढं सहा कप्पे झाले: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक. ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा ५५० टन रोजच्या क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

वाद या आकड्यांवर नाही. वाद आहे सुका कचरा कुणाचा यावर. कुंड्या हटवण्याच्या बाजूचे लोक म्हणतात, आधी वेचक घाणीत हात घालून बाटल्या काढत होते, आता त्यातल्या अनेकांना वर्गीकरण केंद्रात छपराखाली काम मिळालं. हे बरोबर आहे आणि त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की नियमात ‘अधिकृत’ हा शब्द आला आणि गल्लीतला ओळखीचा वेचक, फिरता भंगारवाला, दुपारची बोहारीण हळूहळू ‘अनधिकृत’ ठरले. अटाला विकायला नियमानं बंदी नाही, आजही घराघरातून तो विकला जातोच. पण सकाळी गाडी दारात आली की घरातली घाई वेगळी असते. गाणं वाजतं, डबे बाहेर येतात, पुन्हा वापरावं म्हणून ठेवलेलं खोकंही त्यात जातं.

माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, आणि त्याला कारण आहे. ज्याला भाव येतो ते लोखंड, पितळ, कागद अटालेवाल्याकडे जातं. ज्याचा वास येतो ते गाडीत. मध्ये उरतात काच, फाटकं कापड, तुटकं लाकूड, पत्र्याचे छोटे डबे. ना त्याला भाव, ना वास. पूर्वी हे माळ्यावर जाई आणि वर्ष-दोन वर्षं पडून राही. कुणाच्या तरी डोक्यात कल्पना येईपर्यंत त्याला मुदत मिळे. फ्लॅटला माळा नाही आणि गाडी रोज येते. घरसजावटीला नेमका हा मधला माल लागतो.

याच मधल्या मालासाठी ट्रिपल आर (रिड्यूस, रियूज, रिसायकल) सेंटरं आहेत, नको असलेल्या वस्तू तिथं द्याव्यात, असं उत्तर मिळतं. मे २०२३ च्या देशव्यापी अभियानात ही केंद्रं उभी राहिली, आणि इंदुरात त्याआधीही ‘नेकी की दीवार’ (नको ते ठेवा, हवं ते न्या अशी भिंत) वगैरे प्रकार होतेच. पण अभियानाच्या जाहीर यादीत होतं काय? कपडे, पादत्राणं, पुस्तकं, खेळणी, वापरलेलं प्लास्टिक. काच नाही, लाकूड नाही, भांडी नाहीत. एखादं केंद्र भिडेखातर खुर्ची ठेवून घेतं ती गोष्ट वेगळी.

यादीपेक्षाही अवघड आहे तो हेतूंचा गुंता. एकाच टेबलावर दोन कामं ठेवली गेली. गरजूला वापरण्याजोगी वस्तू मिळावी हे एक, आणि कारागिराला किंवा हौशी माणसाला कच्चा माल मिळावा हे दुसरं. पहिल्या कामाला धड वस्तू हवी, दुसऱ्याला मोडकी चालते. पहिल्यात देणारा आणि घेणारा वेगवेगळ्या वस्तीतले, दुसऱ्यात एकाच इमारतीतले असू शकतात. पण टेबल एकच म्हटल्यावर दान वरचढ झालं. लोकमान्यनगरातल्या मावशी तिथं पिशवीभर कपडे अभिमानानं देऊन येतील. तिथून एक जुनी चादर पडद्यासाठी उचलून आणणार नाहीत. कुणी पाहिलं तर? तीच मावशी खजुरी बाजारात जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत घेईल आणि चारचौघांत सांगेल. पैसे मोजले की लाज जाते. केंद्रावर नाममात्र किंमत लावावी, ही सूचना म्हणूनच पुन्हा पुन्हा येते. दानाच्या वस्तूचे पैसे कसे घ्यायचे, या प्रश्नाशी ती दर वेळी अडते. मला त्यात अडण्यासारखं काही दिसत नाही. बोहारणीच्या व्यवहारात दान नव्हतं, म्हणून कुणाचा मानही जात नव्हता.

अधिकृत कौतुक दरम्यान दुसरीकडे वळलं. चंडीगडचं रॉक गार्डन १९७६ पासून लोकांसाठी खुलं आहे. फुटक्या बांगड्या, सिरॅमिक आणि कारखान्यांतला टाकाऊ माल यांतून काय उभं राहतं ते देशाला तिथं दिसलं. इंदुरातही चौकाचौकांत भंगाराची शिल्पं आली. विश्राम बागेतली राममंदिराची लोखंडी प्रतिकृती २१ टन भंगाराची, २०२३ च्या अखेरची. ती पाहायला गर्दी होते. पण क्रेन आणि वेल्डिंगनं होणारं काम घरातल्या कामाचा नमुना ठरू शकत नाही, आणि बागेतल्या पुतळ्यामुळे घरात एकही पेटी वाचत नाही.

त्या मानानं एका बंदीनं घरांत जास्त बदल घडवला. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेतल्या एकल-वापर प्लास्टिकच्या यादीत सजावटीचं थर्माकोल होतं, आणि १ जुलै २०२२ पासून ती यादी लागू झाली. मराठी घरांत थर्माकोल म्हणजे गणपतीचं मखर. वर्षानुवर्षं बाजारातून आणायचं, विसर्जनानंतर गच्चीवर ठेवायचं, पुढच्या वर्षी त्याचा रंग उडालेला बघून नवं आणायचं. बंदीनंतर पुठ्ठ्याची खोकी, जुन्या पैठण्या, बांबूच्या पट्ट्या, लग्नपत्रिकांचे सोनेरी कागद असा माल मखरात पुन्हा शिरला. आजीच्या शालूची पार्श्वभूमी, पुढं पुठ्ठ्याची महिरप, बाजूला जुन्या समया. यातलं काहीही चिकटवलेलं नसेल तर दहा दिवसांनी शालू शालूच्या जागी जातो.

चिकटवण्याचा मुद्दा किरकोळ नाही. हौसेच्या वर्गांत शिकवतात त्या बऱ्याच वस्तूंत काचेच्या बाटलीवर एम-सील, त्यावर रंग, त्यावर चमकी, त्यावर प्लास्टिकचे मणी असतात. नुसती बाटली वितळवून पुन्हा काच होते. अशी लेप चढवलेली बाटली वर्गीकरणाच्या पट्ट्यावर कुठल्याच ढिगात बसत नाही. प्लास्टिकच्या बाटलीला सुतळी गुंडाळून फेविकॉल लावला की तेच होतं. जुन्या रुखवतातही गोंद होता, पण तो खळीचा, पाण्यात सुटणारा. शहरात सहा कप्पे झाल्यावर निदान वर्ग घेणाऱ्यांनी दोऱ्यानं बांधायचं, खिळ्यानं ठोकायचं किंवा शिवायचं काम आधी शिकवावं आणि चिकटवणं शेवटी, अशी मागणी आता होऊ लागली आहे. काही जणी तसं शिकवतातही. त्यांच्या वर्गाला गर्दी थोडी कमी असते, कारण शिवायला वेळ लागतो आणि फोटोत चमकी जास्त उठून दिसते.