डॉमिनिक हाशेक : कारकिर्दीचा उत्तरार्ध

झेक आइस हॉकीपटू डॉमिनिक हाशेक (जन्म २९ जानेवारी १९६५, पार्डुबित्से) हा या खेळातल्या सर्वश्रेष्ठ गोलरक्षकांपैकी एक मानला जातो. जुलै २००१ मध्ये बफेलो सेबर्स हा संघ सोडून तो डेट्रॉइट रेड विंग्जकडे आला, तेव्हा त्याला छत्तीस वर्षे पूर्ण झाली होती. तिथपासून ऑक्टोबर २०१२ मधल्या शेवटच्या निवृत्तीपर्यंतचा काळ हा त्याच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध. बर्फावरच्या हॉकीत एवढा घडामोडींनी भरलेला उत्तरार्ध दुसऱ्या कुणा गोलरक्षकाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. या अकरा वर्षांत त्याने दोनदा स्टॅन्ली कप (अमेरिका–कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगचे विजेतेपद) उंचावला, तीनदा निवृत्ती जाहीर केली, जांघेच्या दुखापतीने तो वारंवार बाहेर बसला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी आपल्या गावच्या संघाला देशाचे विजेतेपद मिळवून दिले.

पूर्वार्धाबद्दल थोडक्यात. शिकागो ब्लॅकहॉक्सने १९८३ च्या निवडीत (लीगचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत) त्याला १९९ व्या क्रमांकावर घेतले, पण तो अमेरिकेत पोहोचला १९९० मध्ये. बफेलोचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक होईपर्यंत त्याची तिशी जवळ आली होती. पुढच्या आठ मोसमांत त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक सहा वेळा मिळवला. संपूर्ण लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक त्याला लागोपाठ दोन वर्षे (१९९७ आणि १९९८) मिळाला. हा करंडक दोनदा जिंकणारा दुसरा गोलरक्षक आजवर झालेला नाही. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत कॅनडाचे पाचही पेनल्टी फटके त्याने अडवले आणि अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही. झेक प्रजासत्ताकाला सुवर्णपदक मिळाले. राहिला होता तो फक्त स्टॅन्ली कप. १९९९ च्या अंतिम फेरीत डॅलसच्या ब्रेट हलने तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये केलेल्या वादग्रस्त गोलने तो हुकला होता.

शरीर आणि शैली

त्याच्या उत्तरार्धात नेमके काय घडले हे समजायला त्याची शैली माहीत असावी लागते. गोलाची चौकट सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. आक्रमणाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेपासून ती साधारण साडेएकोणीस मीटर दूर असते आणि ताशी दीडशे किलोमीटर वेगाने निघालेला पक (रबराची चकती) हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. एवढ्या वेळात पक पाहून मग हालचाल ठरवणे शक्य नसते. गोलरक्षक फटका मारणाऱ्याचे हात, खांदे आणि स्टिकचे पाते वाचत असतो, आणि फटका सुटण्याआधीच त्याचा अर्धा निर्णय झालेला असतो. वाचण्याची ही कला वयाबरोबर वाढत जाते. म्हणूनच धावून खेळणारे खेळाडू पस्तिशीत मागे पडू लागतात तेव्हा चांगला गोलरक्षक अजून टिकून असतो. जॉनी बॉवर १९६७ मध्ये टोरोंटोच्या विजेत्या संघात होता तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. जाक प्लांतने १९६५ मध्ये निवृत्ती घेतली, तीन वर्षांनी सेंट लुईसकडून पुनरागमन केले आणि नव्या जोडीदारासह वेझिना करंडकही मिळवला. टिम थॉमस २०११ मध्ये प्लेऑफमधला (साखळीनंतरच्या बाद मालिकांमधला) सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा त्याचे वय सदतीस होते.

पण डोळे आणि मेंदू शाबूत असले तरी कमरेखालचे शरीर दगा देते. गुडघे जवळ आणून पाय दोन्ही बाजूंना पसरत खाली बसण्याची हालचाल गोलरक्षकाला सरावात आणि सामन्यात असंख्य वेळा करावी लागते. सगळा ताण नितंबाच्या सांध्यावर आणि जांघेतल्या स्नायूंवर येतो. हाशेक तर कुठल्याच चौकटीत न बसणारा खेळाडू. तो बर्फावर आडवा पडायचा, पाठीवर लोळायचा, पाय डोक्याच्या रेषेत न्यायचा, आणि पक जवळ दिसला की हातातली स्टिक सरळ टाकून देऊन ब्लॉकर (स्टिकच्या हातातला रुंद, ढालीसारखा हातमोजा) घातलेल्या हाताने पक झाकायचा. प्रशिक्षकांच्या पुस्तकात न बसणारी ही पद्धत पाहणाऱ्याला धडपड वाटे. प्रत्यक्षात त्या लवचीकतेमागे अचूक अंदाज असे. या शैलीची किंमत जांघेने मोजली, आणि उत्तरार्धातले जवळजवळ प्रत्येक वळण त्या एका स्नायूशी जोडलेले आहे.

डेट्रॉइट, २००१–०२

कप जिंकायचाच या एका हेतूने त्याने बदली मागून घेतली होती. डेट्रॉइटने त्याच्या बदल्यात व्याचेस्लाव कोझलोव्ह हा खेळाडू आणि पहिल्या फेरीतली एक निवड बफेलोला दिली. प्रशिक्षक स्कॉटी बोमन होते. स्टीव्ह आयझरमन, निकलास लिड्स्ट्रोम, सर्गेई फेदोरोव्ह, ब्रेंडन शॅनहन असा जबरदस्त संघ होता, आणि १९९९ मध्ये हाशेकच्या तोंडचा घास काढून घेणारा ब्रेट हलही आता त्याच्याच बाजूने खेळत होता. साखळीत हाशेकने ४१ सामने जिंकून दिले.

प्लेऑफची सुरुवात मात्र वाईट झाली. व्हँकूव्हरविरुद्ध पहिले दोन्ही सामने डेट्रॉइट घरच्या रिंकवर हरला, आणि मग सलग चार जिंकून पुढे गेला. खरी कसोटी लागली ती कोलोरॅडोविरुद्धच्या उपांत्य मालिकेत. समोर होता पॅट्रिक रॉय, त्या पिढीतला दुसरा महान गोलरक्षक. डेट्रॉइट ३-२ असा मागे पडला होता. सहाव्या सामन्यात कोलोरॅडोच्या रिंकवर हाशेकने एकही गोल दिला नाही (२-०). सातव्या सामन्यातही त्याची पाटी कोरी राहिली आणि डेट्रॉइटने ७-० असा विजय मिळवला. हरलो तर मोसम संपला अशा लागोपाठ दोन सामन्यांत, गतविजेत्या संघापुढे शून्य गोल देणे ही गोलरक्षणातली फार मोठी कामगिरी आहे. अंतिम फेरीत कॅरोलायनाला ४-१ ने हरवून १३ जून २००२ रोजी डेट्रॉइटने कप जिंकला. त्या प्लेऑफमध्ये हाशेकने सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला गोल करू दिला नाही. तो तेव्हाचा विक्रम होता. त्याच महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली.

पहिले पुनरागमन आणि दुखापतींची वर्षे

एक मोसम घरी बसून तो २००३ मध्ये परतला. दरम्यान डेट्रॉइटने त्याच्या जागी कर्टिस जोसेफला दीर्घ कराराने घेतले होते, त्यामुळे संघात गोलरक्षकांची गर्दी झाली आणि वातावरण अवघडले. हाशेकच्या वाट्याला अवघे १४ सामने आले. जांघ पुन्हा दुखावली आणि मोसम संपला. खेळता येत नव्हते त्या काळाच्या मानधनाचा मोठा भाग त्याने घेतला नाही. व्यावसायिक खेळात दुखापतग्रस्त खेळाडूला करारानुसार पूर्ण पैसे मिळतात आणि ते घेण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. त्यामुळे त्याचा हा निर्णय उठून दिसतो. पुढे प्रागमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

२००४ मध्ये त्याने ओटावा सेनेटर्सशी करार केला. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या वादामुळे २००४–०५ चा मोसम झालाच नाही. त्यानंतरच्या मोसमात ४३ सामन्यांत २८ विजय, सामन्यामागे दिलेले सरासरी २.०९ गोल आणि अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण ९२.५ टक्के अशी त्याची कामगिरी होती. एकेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जगातल्या पहिल्या काही गोलरक्षकांत गणला जात होता.

फेब्रुवारी २००६ मध्ये तुरिन ऑलिंपिक आले. पहिला सामना जर्मनीशी होता. खेळ सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती तेवढ्यात एक फटका अडवताना त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दुखावला आणि त्याला बर्फावरून बाहेर जावे लागले. झेक संघ पुढे कांस्यपदकापर्यंत पोहोचला, पण हाशेक त्या मोसमात परत खेळू शकला नाही. प्लेऑफमध्ये ओटावाचा गोल तरुण रे एमरीने सांभाळला आणि संघ दुसऱ्या फेरीत हरला, तोही बफेलोकडून.

पुन्हा डेट्रॉइट

त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला परत बोलावले. आइस हॉकीच्या चर्चेत २००२ चा कप नेहमी आधी आठवला जातो, पण उत्तरार्धातला सर्वांत मोलाचा मोसम निवडायचा तर तो २००६–०७ चा. २००२ मध्ये त्याच्यापुढे जवळजवळ अजिंक्य संघ उभा होता. आता आयझरमन निवृत्त झाला होता, शॅनहन दुसऱ्या संघात गेला होता, आणि गोलात बेचाळिशीचा, जांघ शिवलेला माणूस होता. त्याने ५६ सामन्यांत ३८ विजय मिळवले, आठ सामन्यांत एकही गोल दिला नाही आणि सामन्यामागे सरासरी २.०५ गोल दिले. ही सरासरी २००२ च्या विजेत्या मोसमापेक्षाही सरस होती. कॅल्गरी आणि सॅन होजेला हरवून डेट्रॉइट उपांत्य मालिकेपर्यंत गेला. तिथे त्याला हरवणाऱ्या अ‍ॅनाहाइमनेच पुढे कप जिंकला.

२००७–०८ ची गोष्ट वेगळी आहे आणि तिचे सूत्र २००१ पर्यंत मागे जाते. १९९८ चा कप डेट्रॉइटने जिंकला तेव्हा गोलात ख्रिस ऑसगुड होता. हाशेक आला आणि ऑसगुडची जागा गेली. त्याला न्यूयॉर्क आयलँडर्सकडे जावे लागले. काही वर्षांनी तो डेट्रॉइटला परतला आणि आता दोघे एकाच संघात गोलरक्षण वाटून घेत होते. साखळीत दोघांनी प्रत्येकी २७ सामने जिंकले. लीगमध्ये सर्वांत कमी गोल दिल्याबद्दल जेनिंग्ज करंडक दोघांना मिळून मिळाला. प्लेऑफची सुरुवात प्रशिक्षक माइक बॅबकॉक यांनी हाशेकला घेऊन केली. नॅशव्हिलविरुद्ध पहिले दोन सामने जिंकल्यावर तिसरा गेला. चौथ्या सामन्यात मध्येच हाशेकला बाहेर काढून ऑसगुडला उतरवण्यात आले. त्यानंतर गोल ऑसगुडकडेच राहिला. त्याने पिट्सबर्गला अंतिम फेरीत हरवून ४ जून २००८ रोजी कप जिंकून दिला.

सहा वेळा वेझिना जिंकलेला माणूस ते सगळे सामने बाकावरून पाहत होता. कटकट नाही, पत्रकारांपुढे तक्रार नाही, सरावाला दांडी नाही. गोलरक्षकाची जागा एकच असते. फळीतल्या खेळाडूला कमी मिनिटे देता येतात, गोलरक्षकाला एक तर सगळे मिळते किंवा काहीच मिळत नाही. उतारवयातल्या गोलरक्षकाची ही सर्वांत अवघड परीक्षा असते आणि अनेक मोठी नावे तिथेच कडवट होऊन गेली आहेत. हाशेक ज्या शांतपणे बाजूला झाला, त्याचे श्रेय त्याला पुरेसे दिले जात नाही. कप जिंकल्यानंतर काही दिवसांतच, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली.

पार्डुबित्से आणि मॉस्को

हीही निवृत्ती टिकली नाही. एप्रिल २००९ मध्ये त्याने पार्डुबित्सेच्या संघाशी करार केला. एल्बे नदीकाठचे हे पूर्व बोहेमियातले गाव हॉकीवेडे आहे. सोळाव्या वर्षी तो इथेच पहिल्यांदा मोठ्यांच्या संघात खेळला होता, आणि १९८७ व १९८९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे विजेतेपदही याच संघाबरोबर मिळवले होते. २००९–१० च्या मोसमात पार्डुबित्सेने अंतिम फेरीत विटकोव्हित्सेला हरवून झेक लीग जिंकली. गोलात पंचेचाळीस वर्षांचा हाशेक होता. सोबतच्या काही खेळाडूंचा जन्मही त्याच्या पहिल्या विजेतेपदानंतरचा होता.

पुढचा मोसम त्याने रशियातल्या कॉन्टिनेंटल हॉकी लीगमध्ये स्पार्ताक मॉस्कोकडून खेळला. ४६ सामने आणि त्यांतले सात शून्य गोलांचे, ही आकडेवारी निम्म्या वयाच्या गोलरक्षकालाही शोभेल. मोसम संपला तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याला पुन्हा खेळायचे होते, पण मनासारखा करार जुळला नाही. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याने अखेरची निवृत्ती जाहीर केली.

नोंदी आणि सन्मान

अमेरिका–कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये त्याने ७३५ सामन्यांत ३८९ विजय मिळवले आणि ८१ सामन्यांत एकही गोल दिला नाही. अडवलेल्या फटक्यांचे त्याचे एकूण प्रमाण ९२.२ टक्के आहे. दीर्घ कारकीर्द असलेल्या गोलरक्षकांत ते सर्वोच्च गणले जाते. २०१४ मध्ये टोरोंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. जानेवारी २०१५ मध्ये बफेलोने त्याचा ३९ क्रमांकाचा शर्ट कायमचा राखून ठेवला.

निवृत्तीनंतर तो सार्वजनिक प्रश्नांवर स्पष्ट बोलणारा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर नॅशनल हॉकी लीगने सर्व रशियन खेळाडूंचे करार तात्काळ स्थगित करावेत अशी जाहीर मागणी त्याने केली. लीगने ती मान्य केली नाही, तरी त्याने आपली भूमिका सोडलेली नाही.