फोल्डरात शिरलो, आता बाहेर कसं यायचं?

शेजारच्या काकांनी सातबाऱ्याची पीडीएफ उतरवून घेतली आणि लगेच हाक मारली, "अरे, फाइल गेली कुठे?" ती 'डाउनलोड्स'मध्ये नीट पडलेली होती. पण आपण आत्ता कुठल्या फोल्डरात आहोत आणि तिथून 'डाउनलोड्स'कडे कसं जायचं, हे काकांना पडद्यावर कुठेच दिसत नव्हतं. फाइल मॅनेजर, म्हणजे फाइली-फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, बनवणारे चाळीस वर्षं याच अडचणीशी झगडत आहेत.

झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकाने 1981 साली ऑफिसचं टेबल आणि कागदांचे फोल्डर पडद्यावर आणले. 1984 च्या ॲपलच्या मॅकिंटॉशमधल्या 'फाइंडर' या फाइल मॅनेजरने ते घरोघरच्या वापरात आणलं. गंमत म्हणजे त्या पहिल्या मॅकमध्ये फोल्डर फक्त दिसायला होते. डिस्कवर सगळ्या फाइली एकाच रांगेत असायच्या. फोल्डरात खराखुरा फोल्डर आला तो 1985 मध्ये. प्रत्येक फोल्डरची स्वतःची विंडो असे आणि ती जिथे ठेवली तिथेच पुन्हा उघडे. 400 केबीच्या फ्लॉपीवर फाइली त्या किती असणार! तिथे हे छान चाललं.

हार्ड डिस्क मोठ्या झाल्या आणि हिशेब बदलला. विंडोज 95 ने लांब नावांची मुभा दिली, त्यामुळे आठ अक्षरांत नाव कोंबायची सक्ती संपली. हा मला फार मोठा दिलासा वाटतो, कारण नाव वाचता आलं तर निम्मी शोधाशोध वाचते. पण 'माय कम्प्युटर'मधून आत जाताना दर फोल्डरागणिक नवी विंडो उघडे. पाच पायऱ्या उतरलात की पाच विंडो एकमेकींवर.

दर फोल्डराला नवी विंडो हवी का, हा वाद लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीवर पुन्हा पेटला. 2004 मध्ये ग्नोम 2.6 ने (ग्नोम म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) आपल्या 'नॉटिलस' या फाइल मॅनेजरमध्ये 'एक फोल्डर, एक विंडो' हीच पद्धत आपोआप लागू केली. मागची विंडो मिटवायची तर शिफ्ट दाबून डबल क्लिक करायचं, आणि हे सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? कल्पनेत तर्क होता, पण तोवर लोकांच्या हाताला ब्राउझरच्या मागे-पुढे बटणांची सवय लागली होती. ग्नोमने 2010 मध्ये माघार घेतली.

विंडोज व्हिस्टाने 2007 मध्ये खरी कामाची गोष्ट आणली: ॲड्रेस बारमध्ये वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचं नाव वेगळं, आणि हव्या त्या नावावर क्लिक करून थेट तिथे जाता येतं. मात्र त्याच वेळी 'एक पायरी वर', म्हणजे बाहेरच्या फोल्डरात, नेणारं बटण काढून टाकलं. वरच्या फोल्डरचं नाव समोर आहेच, मग बटण कशाला, असा विचार त्यामागे असावा. पण बटणाची जागा ठरलेली असते. नावाची जागा मात्र दर फोल्डरात सरकते, आणि नवख्या माणसाला दर वेळी ती वाचून शोधावी लागते. ते बटण विंडोज 8 मध्ये, 2012 साली, परत आलं.

काकांना मी त्याच बटणाचा वर नेणारा बाण दाखवला. आता ते चुकीच्या फोल्डरात शिरले की तो दाबत दाबत बाहेर येतात.