आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं : ख्रिस्ती, नास्तिक आणि एकाच गुन्ह्याचे दोन निवाडे

ख्रिस्ती आणि नास्तिक यांच्यातला कुठलाही वाद थोडा वेळ ऐकला की एक तक्रार हमखास कानावर येते. नास्तिक म्हणतो, "तुमच्यातला एखादा पाद्री पैसे खातो तेव्हा तो एकटा वाईट ठरतो. आमच्यातला एखादा चुकला की सगळा नास्तिकपणाच वाईट ठरतो." ख्रिस्ती माणूस म्हणतो, "शेजारचा नास्तिक खोटं बोलला तर कोणी भुवईही उचलत नाही. मी बोललो की लगेच मी ढोंगी, आणि माझ्याबरोबर माझं अख्खं चर्च ढोंगी." पुढे एक जण स्टॅलिन काढतो, दुसरा धर्मयुद्धं काढतो, आणि बोलणं तिथेच अडकून राहतं.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत असं माझं मत आहे. मात्र त्या एकाच जातीच्या नाहीत. दोघांना तोलणारे तराजू वेगळे आहेत आणि त्यांतली खोटही वेगवेगळ्या जागी आहे. मानसशास्त्रज्ञांनी ती खोट मोजण्यासाठी एक युक्ती शोधली. तिच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग तिलाच देणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८९ साली धार्मिक सहिष्णुतेची जोरदार बाजू मांडली, पण नास्तिकांना त्यातून वगळलं. जो देवच मानत नाही त्याला शपथ आणि वचन कसं बांधून ठेवणार, हा त्यांचा मुद्दा होता. हा विचार कागदावरच राहिला नाही. नास्तिक असलेले चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, पण शपथेच्या वादामुळे त्यांना रीतसर आसन मिळायला १८८६ उजाडलं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात रॉय टॉर्कासो यांना नोटरी व्हायचं होतं, आणि त्यासाठी देवावर श्रद्धा असल्याचं जाहीर करणं सक्तीचं होतं. ती अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये रद्द केली. मतांचा कलही हेच सांगतो. लायक असलेल्या नास्तिक उमेदवाराला अध्यक्षपदासाठी मत द्याल का, असं गॅलप या सर्वेक्षण संस्थेने १९५८ मध्ये अमेरिकी लोकांना विचारलं तेव्हा 'हो' म्हणणारे १८ टक्के होते. २०१९ मध्ये ते ६० टक्के झाले.

पण अशा सर्वेक्षणांत एक अडचण असते. "तुम्ही अमुक गटाबद्दल पूर्वग्रह बाळगता का?" असं थेट विचारलं तर सभ्य माणूस सभ्य उत्तर देतो. मनात काय आहे हे त्याचं त्यालाही नीट ठाऊक नसतं. त्यामुळे पूर्वग्रहाबद्दल एक शब्दही न विचारता तो मोजता आला पाहिजे.

इथे लिंडा मदतीला येते. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये गाजवलेलं हे काल्पनिक पात्र. लिंडा ३१ वर्षांची, अविवाहित, स्पष्टवक्ती आणि हुशार. तिने तत्त्वज्ञान शिकलं आहे. विद्यार्थिदशेत भेदभाव आणि सामाजिक न्याय हे तिच्या जिव्हाळ्याचे विषय होते, अण्वस्त्रविरोधी निदर्शनांतही ती जायची. आता सांगा, यांतलं अधिक संभाव्य काय : लिंडा बँकेत कॅशियर आहे, की लिंडा बँकेत कॅशियर आहे आणि स्त्रीवादी चळवळीत सक्रिय आहे? एका गटात ८५ टक्के विद्यार्थ्यांनी दुसरा पर्याय निवडला.

तो चूकच आहे. त्यात मतभेदाला जागा नाही. शाळेतले संच आठवा. 'स्त्रीवादी कॅशियर' हा 'कॅशियर' या संचाचा उपसंच आहे, आणि उपसंच मूळ संचापेक्षा मोठा होऊ शकत नाही. लिंडासारख्या हजार स्त्रिया घ्या. त्यांत समजा ४० कॅशियर निघाल्या. त्या ४० पैकी ३९ स्त्रीवादी असल्या तरी ३९ हे ४० पेक्षा कमीच. मग एवढ्या शिकलेल्या लोकांची गल्लत का होते? कारण आपण शक्यता मोजतच नाही, आपण चेहरा जुळवतो. लिंडाचं वर्णन मनातल्या स्त्रीवादी स्त्रीच्या चित्राशी जुळतं आणि कॅशियरच्या चित्राशी जुळत नाही. 'स्त्रीवादी' हा शब्द जोडला की चित्र एकदम बसतं. ते बसल्याचं समाधान इतकं मोठं असतं की गणित मागे पडतं. याला जोडतर्काची चूक म्हणू या.

विल जर्व्हेस, अझीम शरीफ आणि आरा नोरेंझायन या संशोधकांनी ही चूक उलटी फिरवली. ही चूक जर शब्द जुळल्यामुळे होत असेल, तर कोणता शब्द जोडल्यावर किती लोक चुकतात यावरून तो शब्द लोकांच्या मनात कोणत्या चित्राशी चिकटलेला आहे हे कळलं पाहिजे! २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना एका माणसाची गोष्ट वाचायला दिली. हा माणूस गाडी मागे घेताना उभ्या असलेल्या व्हॅनला धडकतो. येणारेजाणारे बघत आहेत म्हणून खाली उतरतो, विम्याची माहिती लिहिल्याचं नाटक करतो, कोरा कागद व्हॅनला अडकवतो आणि निघून जातो. त्याच दिवशी त्याला रस्त्यात एक पाकीट सापडतं. कोणी बघत नसतं. तो पैसे काढून घेतो आणि पाकीट कचऱ्यात टाकतो.

प्रश्न असा : हा माणूस शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की 'शिक्षक आणि आणखी काहीतरी' असण्याची? हे 'काहीतरी' प्रत्येक गटासाठी वेगळं होतं. एका गटाला ख्रिस्ती, दुसऱ्याला मुस्लिम, तिसऱ्याला नास्तिक, चौथ्याला बलात्कारी. 'शिक्षक आणि ख्रिस्ती' या पर्यायाला फार थोडे फसले. 'शिक्षक आणि नास्तिक' या पर्यायाला जवळजवळ निम्मे फसले. 'बलात्कारी' या शब्दालाही जवळपास तेवढेच. लबाडीच्या चित्राशी हे दोन शब्द सारख्याच सहजतेने जुळत होते. पहिल्यांदा वाचताना मी हा आकडा दोनदा तपासून पाहिला होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनबुडाचा नाही. 'शिक्षक' आणि 'शिक्षक व नास्तिक' असे दोन पर्याय शेजारी ठेवले की वाचणारा पहिल्याचा अर्थ 'शिक्षक, पण नास्तिक नाही' असा घेत असेल. भाषा आपण तशी वापरतोही. मग ही गणिताची चूक न राहता भाषेची समज ठरेल. ठीक, तसं मानू. पण मग तीच समज 'ख्रिस्ती' या शब्दालाही लागू व्हायला हवी, कारण मांडणी एकसारखी आहे. आणि 'पण नास्तिक नाही' असं समजून घेतलं तरी गणित सुटत नाही. समजा एका वस्तीत ९०० आस्तिक आणि १०० नास्तिक आहेत, आणि दोन्ही गटांत पाकीटचोरांचं प्रमाण सारखंच, शंभरात ५ आहे. म्हणजे आस्तिक चोर ४५, नास्तिक चोर ५. पाकीट चोरणारा सापडला तर तो आस्तिक असण्याची शक्यता दहात नऊ! तो नास्तिक असण्यावर बरोबरीने पैज लावायची असेल तर नास्तिकांमधलं चोरीचं प्रमाण आस्तिकांच्या नऊपट असायला हवं. 'नास्तिक असेल तर लबाड असण्याची शक्यता' आणि 'लबाड असेल तर नास्तिक असण्याची शक्यता' या दोन अगदी वेगळ्या राशी आहेत. त्यांना जोडणारा पूल म्हणजे लोकसंख्येतलं मूळ प्रमाण, आणि निवाडा करताना आपण नेमकं तेच विसरतो.

नास्तिक मित्रांनीही हा परिच्छेद पुन्हा वाचावा. "तुरुंगात पाहा, सगळे देव मानणारेच" हा त्यांचा आवडता युक्तिवाद याच दगडाला अडखळतो. बाहेर देव मानणारे जास्त असतील तर आतही ते जास्तच असणार. शिवाय कैद्याने नोंदवहीत धर्म कोणता लिहिला यावरून त्याच्या गुन्ह्याचं कारण कळत नाही.

२०१७ मध्ये जर्व्हेस आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग १३ देशांतल्या ३,००० हून अधिक लोकांवर केला. या वेळी गोष्ट अधिक भयानक होती. लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा मुलगा मोठा होऊन बेघर माणसांचे खून करतो. निम्म्या लोकांसमोर 'शिक्षक आणि धर्म मानणारा' हा पर्याय होता, निम्म्यांसमोर 'शिक्षक आणि देव न मानणारा'. दुसऱ्या पर्यायाला फसणारे सुमारे दुप्पट निघाले. यात चीन, झेक प्रजासत्ताक आणि नेदरलँड्स यांसारखे देशही होते, जिथे देव न मानणारे काही दुर्मीळ नाहीत. आणि स्वतः नास्तिक असलेल्या लोकांतही हा कल दिसला. म्हणजे 'आपला तो बाब्या' ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. नास्तिकालाही आपल्याच घरातला बाब्या कार्टं वाटतो.

मग प्रत्यक्ष वागण्यात फरक आहे का? २०१४ मध्ये विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व कॅनडातल्या १,२५२ प्रौढांच्या स्मार्टफोनवर दिवसातून अनेकदा प्रश्न पाठवले : गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं किंवा वाईट केलंत का, पाहिलंत का? धार्मिक आणि अधार्मिक लोकांनी नोंदवलेल्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक आढळला नाही. देवाच्या भीतीवाचून माणूस सैल सुटतो, ही समजूत मी अंधश्रद्धाच मानतो. पडताळणीत ती टिकलेली नाही आणि तरीही ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

लगोलग दुसऱ्या बाजूचा फुगाही फोडायला हवा. २०१२ मध्ये याच जर्व्हेस आणि नोरेंझायन यांचा एक निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. शिल्पकार रोदँच्या 'विचारवंत' या पुतळ्याचं चित्र नुसतं पाहिलं तरी लोकांची देवावरची श्रद्धा कमी होते, असं त्यात म्हटलं होतं. बातम्या झाल्या, 'विचार करणारा नास्तिक होतो' असे मथळे झळकले. पुढे मोठ्या नमुन्यांवर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसलाच नाही, आणि जर्व्हेस यांनी आपल्या त्या प्रयोगातला कच्चेपणा उघडपणे मान्य केला. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळे वाढला.

आता ख्रिस्ती माणसाची तक्रार. 'ढोंगी' हा शिक्का त्याच्यावरच का बसतो? जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये याचं एक सुंदर उत्तर दिलं. समजा मी म्हणालो, "कामचुकारपणा करणं वाईट आहे." हे वाक्य कामचुकारपणाबद्दल आहे, पण ऐकणारा त्यातून माझ्याबद्दल निष्कर्ष काढतो : हा स्वतः कामचुकार नसणार. त्यांच्या प्रयोगांत तर "मी कधी कामचुकारपणा करत नाही" या थेट दाव्यापेक्षाही दुसऱ्याच्या वागण्याचा निषेध हा चांगुलपणाचा अधिक पक्का पुरावा मानला गेला. म्हणून असा निषेध करणारा स्वतःच तसं वागताना सापडला की लोक केवळ त्या कृत्यावर चिडत नाहीत. त्याने उपदेशाच्या जोरावर फुकटचा नावलौकिक मिळवला, याचा राग असतो. उलट "हे वाईट आहे, आणि कधीकधी माझ्याकडूनही होतं" असं आधीच कबूल करणाऱ्यावर लोक ढोंगाचा ठपका ठेवत नाहीत.

चर्चला जाणारा माणूस, त्याच्या मनात असो वा नसो, गळ्यातल्या क्रॉसमधून असा संकेत देतच असतो. ज्याने कधी कोणाला उपदेशच केला नाही, त्या गप्प बसणाऱ्या नास्तिकाने काही संकेत दिलेलाच नसतो, त्यामुळे तो मोडायचा प्रश्न येत नाही. पण जो नास्तिक "आम्ही केवळ पुराव्यावर चालतो" असं सतत सांगतो आणि नंतर एखादी खोटी आकडेवारी पुढे पाठवताना पकडला जातो, त्याच्यावर हाच नियम तितक्याच कठोरपणे चालायला हवा. ख्रिस्ती लोकांवर आणखी एक शिक्का असतो, विज्ञानात कच्चे असल्याचा. किंबर्ली रिओस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की ही प्रतिमा समोर आणली की वैज्ञानिक विचारांच्या चाचणीत ख्रिस्ती सहभागींची कामगिरी घसरते. अशा परिणामांची पडताळणी नेहमीच यशस्वी होत नाही, म्हणून हा निष्कर्ष मी जरा जपूनच सांगतो. पण त्या शिक्क्याचा त्रास खरा आहे याबद्दल मला शंका नाही.

पुन्हा नास्तिकांकडे येऊ, कारण एक धागा सुटा राहिला आहे. नास्तिकांबद्दल नेमका अविश्वासच का वाटतो, घृणा किंवा भीती का नाही? नोरेंझायन यांचं म्हणणं असं की माणसं पाहिली जात असतील तर नीट वागतात, आणि देव हा कधीच डोळे न मिटणारा पहारेकरी आहे. जो पहारेकरीच मानत नाही त्याचा काय भरवसा, असं मनातल्या मनात चालतं. लॉक यांचा शपथेचा मुद्दा हाच होता. हे खरं असेल तर दुसरा कुठला पहारेकरी आठवून दिल्यावर अविश्वास कमी व्हायला हवा. जर्व्हेस आणि नोरेंझायन यांनी २०१२ मध्ये तेही करून पाहिलं. काही जणांना पोलिसांच्या कामाबद्दलची चित्रफीत दाखवली, काहींना तिच्याशी संबंध नसलेली. पोलिसांची चित्रफीत पाहिलेल्या आस्तिकांचा नास्तिकांवरचा अविश्वास कमी झाला. नास्तिकांच्या बाजूने एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता.

त्या १३ देशांपैकी फक्त दोन देशांत नास्तिकांविरुद्धचा कल ठामपणे सिद्ध झाला नाही : फिनलंड आणि न्यूझीलंड. सरकारी यंत्रणेच्या सचोटीसाठी जगात ज्यांची नावं पहिल्यांदा घेतली जातात, त्या देशांत हे दोन्ही येतात.